मोरचूद इकडेही, तिकडेही

बाबांनी व्हिडिओ कॉल उचलला तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत निळे. मृगाआधी संत्र्याच्या खोडांना बोर्डो लावणं चाललं होतं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. डिंक्या रोग लागू नये म्हणून. नागपूरहून काटोलच्या बागेत ते आता गडी घेऊन जातात, पण ब्रश मात्र स्वतःच्याच हातात.

इकडे कोपनहेगनमधल्या प्रयोगशाळेत मीही मोरचुदाचंच पाणी मोजत होते, थेंबाहून कमी.

"कायले लागते वं तुले मोरचूद?"

सांगितलं. पेशी दोन होण्याआधी डीएनएची नवी प्रत काढते. तेव्हा तिला थायमिडीनसारखा, म्हणजे डीएनएच्या एका घटकासारखा, दिसणारा ईडीयू नावाचा रेणू द्यायचा. ती फसते आणि तोच विणून टाकते. ईडीयूला अल्काइन नावाच्या अणुगटाची कडी असते, चमकणाऱ्या रंगाला अझाइड या दुसऱ्या गटाचा कोयंडा. नुसते एकत्र ठेवले तर ढिम्म. तांबं घातलं की अर्ध्या तासात कडी बसते, आणि पेशीतल्या बाकी गर्दीला धक्का लागत नाही. मग निळ्या लेसरखाली नवा डीएनए हिरवा दिसतो. ही तांब्याची युक्ती सापडली ती 2002 च्या सुमारास, अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ शार्पलेस यांना आणि इथे, बियरवाल्या कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत, मेल्डाल यांना.

मात्र मोरचुदातलं तांबं जसंच्या तसं चालत नाही. त्याला एक इलेक्ट्रॉन द्यावा लागतो. तो देतं सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट, क जीवनसत्त्वाचं मीठ.

"मंग संत्र्याचाच रस झाला ना बाप्पा!"

आमचं पांढऱ्या डबीतून येतं, हे मी बोलले नाही. सुरुवातीला मी त्याचं आठवडाभरापूर्वीचं जुनं द्रावण वापरलं होतं, पिवळं पडलेलं. रात्री साडेनऊला बाहेर अजून उजेड, मी अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून, आणि हिरवा ठिपका एकही नाही. दोन दिवस पेशींनाच दोष दिला.

तांबं जिवंत पेशींना मानवत नाही, म्हणून आम्ही आधी त्यांना फॉर्मल्डिहाइडने मारून आहेत तशा थिजवतो.

"बुरशीले मारते ते पेशीले कसं सोडन?" बाबा म्हणाले.

तेच तर. अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञ बर्टोझीबाईंनी 2004 मध्ये अल्काइन आठ अणूंच्या ताणलेल्या कड्यात बसवलं. तो ताणच तांब्याचं काम करतो, पेशी जिवंत राहते. 2022 चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळून मिळालं.

बाबा जरा थांबले. "तांब्याबिगर डिंक्या घालवायचं काई काढलं का त्या बाईनं?"

नाही म्हटलं. त्यांनी ब्रश उचलला.