फॉर्म्युला 16 कॅटमरान, प्लायवूड बांधणी: हल बंद झाले, तुळया बसल्या

फॉर्म्युला 16 ही दोन हलची (अरुंद तरंगत्या सांगाड्यांची) शिडाची शर्यती बोट. या टप्प्यापर्यंत दोन्ही हलचे डेक (वरची झाकणं) लागले आहेत, डॅगरबोर्ड केस (बोट बाजूला घसरू नये म्हणून पाण्यात खाली सोडायच्या फळ्यांच्या खोबण्या) आत पक्क्या झाल्या आहेत आणि दोन्ही हल जोडणारी पुढची-मागची तुळई आपापल्या जागी बसली आहे. रंग आणि रिगिंग (मास्ट, तारा, दोर) बाकी आहे. हलचं काम बरंच पुढे गेलं असलं तरी ही नोंद मुख्यतः तुळयांची आहे, कारण या बोटीचं चालणं तिथेच ठरतं.

वर्ग नवा असलेल्यांसाठी मापं: लांबी 5 मीटर, रुंदी 2.5 मीटर, मास्ट (शिडाचा खांब) 8.5 मीटर. कमीत कमी वजन दोघांसाठी 107 किलो, एकट्यासाठी जिब (पुढचं छोटं शीड) काढून 104. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या हाताखालून गेलेली हॉबी 16 जवळपास तेवढ्याच लांबीची, पण 145 किलोची आहे. एकटा आणि जोडी हँडिकॅपशिवाय (वेळेची सवलत न देता) एकाच शर्यतीत उतरतात, जो आधी पोचेल तो जिंकला. हे या वर्गाचं सगळ्यात सुंदर वैशिष्ट्य आहे, आणि ते हलकेपणावर उभं आहे.

म्हणून अंदाजपत्रक आधी वजनाचं. दोन हल मिळून 45 किलो, तुळया आणि ट्रॅम्पोलिन (मधली ताणलेली बैठक) 16, मास्ट तारांसह 15, मेनसेल (मोठं शीड) आणि जिब, बॅटनसह (शिडातल्या पट्ट्यांसह) 9, सुकाणूंचा संच 6, दोन डॅगरबोर्ड 4, स्पिनेकरचे (पुढच्या फुगणाऱ्या शिडाचे) पोल-शीड-नळी 5, ब्लॉक (कप्प्या) आणि दोर 5. बेरीज 105. रंगाला उरले 2 किलो. प्रत्येक भाग चिकटवण्याआधी काट्यावर ठेवायचा आणि आकडा त्या भागावरच पेन्सिलीने लिहायचा. वही हरवते, लाकूड हरवत नाही.

हे गणित प्लायपासूनच बिघडू शकतं. बाजारात ‘मरीन’ म्हणून मिळणारं आयएस 710 प्लाय बहुधा गर्जनसारख्या जड लाकडाचं असतं. फर्निचरला आणि जड होडीला ते उत्तम. पण 4 मिमीची आठ बाय चारची शीट ओकुमे या हलक्या लाकडाची असेल तर साधारण साडेपाच किलो भरते आणि गर्जनची पावणेनऊच्या आसपास. बोटीत प्रत्यक्ष राहणारं प्लाय साडेपाच शीट धरलं तरी 17-18 किलोंचा फरक पडतो, आणि तो नंतर कशानेही भरून निघत नाही. शीट घेताना काटा सोबत न्यावा.

स्कार्फ जोड (दोन शीट उतरत्या कडांनी एकमेकींवर चिकटवणं) 1:8 म्हणजे 4 मिमीला 32 मिमी उतार. चार शीट 32-32 मिमीच्या पायऱ्यांनी एकावर एक रचून एकदमच रंधा मारायचा. प्लायचे थर उतारावर पट्ट्यांसारखे उमटतात. पट्ट्या सरळ आणि समांतर असतील तर उतार बरोबर. कुठे पट्टी फुगली की तिथे रंधा जास्त बसलाय. चिकटवताना आधी पातळ एपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारी राळ) पाजून दहा मिनिटं थांबायचं, मगच घट्ट केलेलं लावायचं. तसं न केल्यास उघडे तंतू सगळं राळ पिऊन घेतात आणि जोड कोरडा राहतो. क्लॅम्पही फार आवळू नयेत, सगळं एपॉक्सी बाहेर पिळून निघतं.

पावसाळी हवेत एपॉक्सीवर मेणचट साय धरते. ती आधी पाण्याने आणि खरखरीत पॅडने धुवायची, पॉलिश पेपर त्यानंतर. उलट क्रम केला तर साय आत घासली जाते आणि पुढचा थर सोलून निघतो. लाकडावरचा पहिला कोट उतरत्या उन्हात, संध्याकाळी द्यावा. सकाळी ऊन चढताना दिला की लाकडातली हवा फुगते आणि कोटभर टाचणीएवढी भोकं पडतात. बाहेरून 200 ग्रॅमचं ग्लास कापड एकच थर आहे. ते भिजल्यावर विणीचा पोत दिसला पाहिजे. आरशासारखं चकाकलं तर राळ जास्त झाली, स्क्वीजीने काढून घ्या.

डॅगरबोर्ड केस डोळ्यांनी सरळ दिसते म्हणून सोडू नये. बोर्डाची रुंदी 200 मिमी असेल तर एक अंशाची चूक तिथे जेमतेम साडेतीन मिमी दिसते. केसमध्ये 2 मीटरची सरळ पट्टी घट्ट बसवा, तीच चूक टोकाला 35 मिमी होते आणि लपत नाही. दोन बोर्ड एकमेकांशी समांतर नसतील तर ते सगळा वेळ एकमेकांविरुद्ध ढकलत राहतात आणि वेग नुसता ओढीत जातो. केसची आतली बाजू जोडण्याआधीच तीन कोट देऊन बंद करावी, नंतर तिथे ब्रश पोचत नाही. गळती बहुतेक वेळा किलजवळच्या (हलच्या तळाच्या कण्याजवळच्या) सांध्यात निघते. फटीच्या मागच्या कडेला ग्लासचे तीन जादा थर दिले आहेत, कारण बोर्ड वाळूत रुतला की त्याची मागली धार नेमकी तिथेच हल कापते.

आता तुळया. ॲल्युमिनियमची 80 मिमी गोल नळी. दोन्ही हल पाळण्यांत ठेवून ओळंब्याने उभे केले आणि मधोमध दोरी ताणली. बो-बो (हलची पुढची टोकं) आणि ट्रान्सम-ट्रान्सम (मागची टोकं) अंतर सारखं हवं, आणि कर्णही. दोन्ही मोजायचे, कारण अंतरं जुळलेली असतानाही एक हल पुढे सरकलेला असू शकतो: 5 मिमी सरकला तर कर्णांत 9 मिमी फरक पडतो. आमची मर्यादा 2 मिमी. त्यानंतर पीळ. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपरे एका पातळीत आणायचे, मग मागे उभं राहून एक डोळा मिटून दोन्ही तुळयांच्या वरच्या कडा एकमेकींवर येतात का ते पाहायचं. पीळ राहिला तर बोट एका टॅकवर (वारा एका बाजूने असताना) पळते आणि दुसऱ्यावर अडखळते. बोल्ट आवळून तो काढता येत नाही. जोर बैठकीवर (हलवर तुळई टेकते त्या जागेवर) येतो आणि काही दिवसांत तिथलं ग्लास तडकतं.

जागा नक्की झाल्यावर तुळई पाचरींवर ठेवून खाली 3-4 मिमी फट राखली. नळीला तपकिरी पॅकिंग टेप सुरकुती न पडू देता गुंडाळला, वर मेण. एपॉक्सीत बारीक काचतंतू आणि सिलिका मिसळून ते श्रीखंडापेक्षा घट्ट केलं, चमचा उलटा केला तरी पडू नये इतकं, आणि फट भरली. इथे एकच मोठा धोका आहे: मिश्रण गोल नळीच्या अर्ध्या उंचीच्या वर चढू देऊ नका. चढलं की टेप असो वा मेण, नळी कुलुपात अडकल्यासारखी बसते आणि बैठक फोडावी लागते. बाहेर आलेलं मिश्रण ओलं असतानाच खरवडून काढलं. चोवीस तासांनी रबरी हातोडीने दोन टोले दिल्यावर तुळई मोकळी झाली. खाली नळीचाच ठसा, टेपची शिवणसुद्धा उमटलेली.

बोल्ट स्टेनलेसचे, 8 मिमी. पण भोक आधी 12 मिमीचं पाडून एपॉक्सीने भरलं आणि त्यात पुन्हा 8 मिमी पाडलं, म्हणजे पाणी प्लायच्या कडेपर्यंत पोचत नाही. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉन वॉशर आणि इन्सुलेटिंग पेस्ट हवीच. खाऱ्या पाण्यात नाहीतर बोल्टभोवतीची नळी पांढरी पावडर होत झिजते.

काट्यावर: डावा हल 22.6 किलो, उजवा 23.1. अंदाजापेक्षा 700 ग्रॅम जास्त, आणि त्यातला बराचसा उजव्या हलच्या किल-फिलेटमध्ये (तळाच्या आतल्या कोपऱ्यातल्या एपॉक्सीच्या भरावात) गेला आहे. ते आता काढता येणार नाही, म्हणून रंग 1.3 किलोत बसवायचा: रोलरने दोन पातळ थर, फिलर फक्त जिथे बोटाला खड्डा लागतो तिथे. त्याआधी डॉल्फिन स्ट्रायकर (पुढच्या तुळईला खालून आधार देणारा ताण) ताणून पीळ पुन्हा मोजायचा आहे.