गोधडी माळ्यावरून उतरली की शिंका का सुरू होतात?

नोव्हेंबरात नाशिकला थंडी पडते, माळ्यावरच्या गोधड्या-रजया खाली येतात आणि त्याच रात्री घरात शिंका सुरू होतात. नाक चोंदतं, पहाटे छातीत घरघर. दोष थंडीला दिला जातो. अनेकदा मूळ मात्र पावसाळ्यात असतं.

या शिंकांमागे असतो डस्ट माइट: अंथरुणात राहणारा, कोळ्याच्या कुळातला, जेमतेम पाव मिलिमीटरचा जीव. आपल्या कातडीचा कोंडा हे त्याचं खाणं. पाणी तो पीत नाही, हवेतला ओलावा अंगात शोषतो. २५ अंशांच्या आसपास तापमान आणि ७०-८० टक्के आर्द्रता म्हणजे त्याची सुगी, आणि आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट नेमका तसाच असतो. हवा ५० टक्क्यांच्या खाली कोरडी राहिली की तो हळूहळू सुकून मरतो. पण ॲलर्जी येते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे. माइट मेला तरी ती घडीत तशीच राहतात.

म्हणून गोधडीला नुसतं ऊन दाखवून भागत नाही. कडक उन्हात माइट मरतात, प्रथिनं मात्र पाण्यानंच निघतात. साध्या पाण्यातही बरीचशी निघतात, पण जिवंत माइट उरतात. दोन्हीसाठी पाणी ६० अंशांचं हवं, म्हणजे हात घातला तर चटका बसेल इतकं. लोकर किंवा रंग जाणारं कापड असेल तर आधी दिवसभर ऊन, मग साधी धुलाई. धुऊन वाळत घातलेली गोधडी ऊन उतरायच्या आत उचला आणि शिवणी चिमटीत धरून बघा. गार, दमट लागल्या तर घडी घालू नका.

कापसाची गादी धुता येत नाही. तिला मे महिन्यात गच्चीवर दोन्ही बाजूंनी तीन-चार तास ऊन द्या. झटकताना दम्याच्या माणसाला खाली पाठवा. मग गादी आणि उशी दोन्हींना घट्ट विणीची, चेनची खोळ घाला. उशी विसरू नका, नाक रात्रभर तिलाच टेकलेलं असतं.

एअर प्युरिफायरवर आधी पैसे घालू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. विष्ठेचे हे कण जड असतात, थोड्या वेळात खाली बसतात. त्यापेक्षा दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक पलंगाच्या उंचीवर ठेवा. पावसाळ्यात झोपायच्या खोलीत कपडे वाळत घातले की आकडा कसा चढतो ते दिसेल. खिडक्या बंद ठेवून कूलर लावला तरी तेच.

रात्री दम लागून जाग येत असेल तर मात्र धुलाईची वाट न पाहता छातीच्या डॉक्टरांना दाखवा. ॲलर्जीची त्वचा चाचणी ठरली असेल तर ॲलर्जीच्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते त्यांनाच विचारा. गोळी अंगात असली तर ॲलर्जी असूनही चाचणीत ती उमटत नाही असं होऊ शकतं.