आमची वाटचाल : प्रोसेसरच्या आधी सॉकेट

सांगलीत आमचं असेंबल्ड कॉम्प्युटरचं छोटं दुकान आहे. आमचं गिऱ्हाईक म्हणजे मार्केट यार्डातले हळदीचे अडते, त्यांचे कर सल्लागार, पत्रिका-फ्लेक्सचं डीटीपी करणारे आणि लग्नाचे अल्बम-व्हिडिओ करणारे स्टुडिओ. प्रोसेसर सगळ्यांनाच लागतो, पण प्रत्येकाचा हिशोब वेगळा बसतो.

धंदा सुरू केला तेव्हा कोटेशन म्हणजे एका कागदावर प्रोसेसर, बोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात तो मदरबोर्ड), रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट, एसएमपीएस (आतल्या भागांना वीज देणारा डबा) आणि खाली बेरीज. चार-पाच वर्षांनी या मशीनचं काय, हे कुणी विचारत नसे, कारण उत्तर ठरलेलं होतं : नवीन घ्यायचं. इंटेलचा बोर्ड साधारण दोन पिढ्या चालायचा. २०१७ च्या ऑक्टोबरात आठव्या पिढीचे प्रोसेसर आले. सॉकेटच्या, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेच्या, पिना आधीइतक्याच, ११५१. तरी सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर ते चालत नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीचे पहिले रायझन प्रोसेसर आले होते आणि त्यांचा एएम४ सॉकेट २०२० पर्यंत चालवू, असं कंपनीने सांगितलं होतं. पण एएमडी म्हटलं की ‘तापतो’ हेच लोकांच्या डोक्यात बसलेलं. सुरुवातीला ते विकताना फार बोलावं लागायचं.

आमचा धंदा खरा वळला तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, हरभट रोड, गणपती पेठेतली दुकानं बुडाली, आणि पाणी ओसरल्यावर लोक चिखलाने भरलेली कॅबिनेटं घेऊन आले. हार्ड डिस्कमधला हिशोब वाचवता आला तर वाचवायचा आणि चार दिवसांत काम सुरू होईल असं मशीन द्यायचं, एवढीच मागणी. पैसा कुणाच्याच हातात नव्हता. तेव्हा आम्ही रायझन ३ ३२००जी आणि एएम४ चा, ४०० मालिकेतला बी४५० बोर्ड अशी जोडी दिली. चार कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), ग्राफिक्स आतच, वेगळं कार्ड घ्यायला नको. त्याहून स्वस्त बोर्ड होते. पण आज प्रोसेसरवर कमी खर्च करा आणि ते वाचलेले पैसे थोडे बोर्डात घाला, हे आम्ही प्रत्येकाला समजावून सांगितलं. प्रोसेसर नंतर बदलता येतो. बोर्ड बदलायचा म्हणजे सगळं मशीन उचकटायचं.

हा सल्ला २०२० च्या मे महिन्यात धोक्यात आला. पुढचे रायझन ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत, असं एएमडीने जाहीर केलं. जगभरातून ओरड झाली आणि त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. आम्हाला त्यातून एक गोष्ट पक्की समजली : सॉकेट तोच असणं पुरेसं नाही, बोर्ड कंपनीने त्या प्रोसेसरसाठी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) द्यायला हवा. म्हणून आजही कोणताही बोर्ड विकण्याआधी त्याच्या कंपनीची चालणाऱ्या प्रोसेसरची यादी आम्ही स्वतः तपासतो.

पुराच्या वेळी दिलेल्या त्या मशिनांपैकी ज्यांचं काम वाढलं, त्यांच्यात आम्ही नंतर रायझन ५ ५६००जी बसवला. सहा कोअर, बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). बोर्ड तोच, रॅम तीच, विंडोजही तीच. बायोस मात्र जुना प्रोसेसर काढण्याआधी अपडेट करायचा, तोही यूपीएसवर, कारण मध्येच लाईट गेली तर बोर्डच जायचा. एएम४ च्या पिना प्रोसेसरलाच असतात. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर सरळ वर ओढला तर मधल्या वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आमच्याकडची मुलं आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करतात, मग कूलर हलकेच फिरवून काढतात. नव्या मुलाला आम्ही सगळ्यात आधी हेच शिकवतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा एएमडी आणि इंटेलच्या बोर्डांमधला हा फरक पैशांत दिसला. २०१७ चा रायझन ५ १६०० आणि त्याच वर्षीचा कोअर आय५ ७४००, दोन्ही विंडोज ११ साठी चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत नाहीत. पहिल्याच्या जागी त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसला, अर्ध्या दिवसात स्टुडिओ कामाला लागला. दुसऱ्याला प्रोसेसरबरोबर बोर्डही घ्यावा लागला.

तरीही अपग्रेडच्या नावाखाली प्रत्येकाला महाग बोर्ड विकणं आम्हाला पटत नाही. “शेठ, टॅलीला आय७ लागत नाही,” हे वाक्य आम्ही रोज बोलतो. अडत्याच्या गादीवर कोअर आय३ १२१००, एच६१० हा स्वस्त बोर्ड, १६ जीबी रॅम आणि एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क) पुरतं. तो माणूस मशीन बंद पडेपर्यंत वापरणार, मधे प्रोसेसर बदलणार नाही. आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो, त्यामुळे त्याच्या वहीतही मशीनची किंमत लवकर उतरते. त्याने न होणाऱ्या अपग्रेडसाठी आज पैसे का मोजावेत? त्या बोर्डावर चौदाव्या पिढीचा आय७ बसतो हे खरं, पण स्वस्त बोर्डाचा वीजपुरवठ्याचा भाग तासन्‌तास रेंडरिंगचा (एडिट केलेला व्हिडिओ तयार करण्याचा) भार घेत नाही. त्याला आम्ही अपग्रेड म्हणत नाही.

व्हिडिओवाल्यांना आता एएमडीचा नवा सॉकेट, एएम५, सुचवतो. हा सॉकेट २०२७ आणि पुढेही चालवू, असं एएमडीने सांगितलं आहे. अडचण आहे ती रॅमची. एएम५ ला डीडीआर५ ही नव्या प्रकारची रॅमच लागते आणि २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीने रॅमचे भाव भडकले. त्यामुळे ज्यांच्याकडे एएम४ आणि ३२ जीबी डीडीआर४ (जुन्या प्रकारची रॅम) आधीच आहे, त्यांना सध्या प्रोसेसर तेवढा बदला, असंच सांगतो. विक्री कमी होते, होऊ दे.

आता आमच्या कोटेशनमध्ये दोन बेरजा असतात : आजचा खर्च आणि पुढच्या बदलाचा खर्च. दुसऱ्या बेरजेतून जुन्या प्रोसेसरची किंमत वजा होते, कारण आम्ही दिलेला प्रोसेसर आम्हीच परत घेतो. तो तपासून, दुकानाची सहा महिन्यांची हमी देऊन कॉलेजच्या मुलांना विकतो. बॉक्स प्रोसेसरची कंपनी वॉरंटी तीन वर्षांची असते. त्यातली काही शिल्लक असेल तर मूळ बिलाची प्रतही सोबत देतो.