कर्ज टाळायचं तर ऑप्शन फॉर्म जपून भरा

इंजिनिअरिंगसाठी कर्ज काढावं लागणार का, हे बहुतेक घरांत कॅप राऊंडचा (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी भरतानाच ठरून गेलेलं असतं. त्या दिवशी ते कुणाच्या लक्षात येत नाही, एवढंच.

त्या फॉर्मवर प्रत्येक कॉलेज-शाखेचा एक चॉईस कोड असतो, आणि काही कोडच्या शेवटी 'टी' असतो. या टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे ट्यूशन फी माफी योजनेच्या जागा: मंजूर जागांवर वाढीव ५ टक्के, ट्यूशन फी पूर्ण माफ, अट कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असण्याची. कटऑफ साध्या जागेपेक्षा वर जातो, म्हणून 'टी'चा कोड साध्या कोडच्या आधी टाकायचा. उलटा क्रम लावला तर साधी जागा आधी लागते आणि माफी हातची जाते. या जागेवर पुढे कॉलेज किंवा शाखा बदलून मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

माफी म्हणजे फुकट नव्हे. समजा ट्यूशन १,२०,००० आणि डेव्हलपमेंट फी १५,००० आहे. 'टी'च्या जागेवर १५,००० आणि परीक्षा शुल्क भरावंच लागतं. खुल्या प्रवर्गासाठीच्या राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत (लोक अजून ईबीसीच म्हणतात) ट्यूशन निम्मी होते, म्हणजे ७५,००० उरतात. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ट्यूशन आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे. उत्पन्नाची मर्यादा तीच, ८ लाख. या सगळ्याला कॅपमधून झालेला प्रवेश लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून 'चांगलं कॉलेज' घेतलं की हे सगळं संपलं, आणि कर्जाची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

कागदांत घोळ होतो तो ठरलेल्या ठिकाणी. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच हवा, फॉर्म १६ चालत नाही. जूनमध्ये सेतूत गर्दी उसळते, तेव्हा अर्ज एप्रिल-मेमध्येच टाका. महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) अर्ज भरला की तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथून परत पाठवला गेला तर दुरुस्त करून पुन्हा सबमिट करावा लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्टेटस बघत राहा. आणि दरवर्षी रिन्यूअल आहे, ते विसरू नका.

सगळ्यात जास्त पैसा अडकतो तो आधार सीडिंगपायी, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी बँक खातं आधारशी जोडण्यापायी. खात्याला केवायसीसाठी आधार दिलं म्हणजे सीडिंग झालं असं नाही. शिष्यवृत्तीचे पैसे जातात ते सगळ्यात शेवटी सीड केलेल्या खात्यात. ते शाळेत असताना काढलेलं, आता बंद पडलेलं खातं निघू शकतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, दोन मिनिटांचं काम आहे.

बीकॉम-बीएस्सीवाल्यांसाठी प्रश्न सोपा आहे. मुंबईच्या अनेक कॉलेजांत एकाच इमारतीत अनुदानित आणि सेल्फ फायनान्स असे दोन्ही वर्ग चालतात, आणि फीमध्ये कित्येक पटींचा फरक असतो. बीएमएस (मॅनेजमेंट), बीएएफ (अकाउंटिंग-फायनान्स) या सेल्फ फायनान्स कोर्सची नावं वजनदार वाटतात खरी, पण सीए करायचंच असेल तर अनुदानित बीकॉमने काही अडत नाही. बारावीला बोर्डात आपल्या शाखेत वरच्या २० टक्क्यांत असाल आणि घरचं उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल, तर केंद्राच्या शिष्यवृत्तीचे पदवीला वर्षाला १२,००० मिळतात. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. मात्र ती घेतली की दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही.