डोमकळ्या आणि बाबांची वही

बाबा रोज सकाळी कपाशीच्या वावरातल्या कामगंध सापळ्यातले, म्हणजे मादीच्या वासाला भुलून अडकलेले, पतंग मोजून वहीत मांडतात. अशा चार वह्या झाल्यात, एकीवर चहा सांडलाय.

माझी पीएचडी गुलाबी बोंडअळीवरच, म्हणजे याच पतंगांच्या, कपाशीची बोंडं पोखरणाऱ्या अळीवर. कृषीकोश या ऑनलाइन भांडारात कृषी विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचता येतात, पण मी पाहिले त्यांत सरासऱ्याच जास्त. कच्चे आकडे कोणाच्या तरी कपाटात! संशोधन नि त्याचे आकडे सगळ्यांना खुले असावेत, ही खुल्या विज्ञानाची शिफारस युनेस्कोनं 2021मध्येच स्वीकारली. कपाटाला ते कोण सांगणार?

शेवटी अकोल्याच्या विद्यापीठातल्या एका मैत्रिणीनं तिची अख्खी एक्सेल फाईल पाठवली. बाबांच्या वहीशी जुळेच ना. सलग 3 दिवस एका सापळ्यात रोज 8 पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, हे तिला नि बाबांना, दोघांनाही पाठ. पण तिच्या फाईलीतला आकडा एका सापळ्याचा, बाबांचा पाचही सापळे मिळून. आमच्या तारखांतही कुठं महिना आधी लिहिलेला, कुठं दिवस. दोन संध्याकाळी फोनवरच गेल्या. आता रकाने एकच ठरवलेत, डोमकळ्यांचाही, म्हणजे अळी आत असल्यानं नीट न उमललेल्या फुलांचाही, एक.

वह्या बाहेर द्यायच्या का, म्हणून बाबांना विचारलं. म्हणाले, "दे ना बा! अळी का धुरा पाहून येते?" धुरा म्हणजे वावराचा बांध.

चहा सांडलेलं पान तेवढं अजून वाचता आलेलं नाही.