चपला कोण धरणार?

तिकीटखिडकीतल्या मुलीनं विचारलं, "किती?"

"एक."

"अ‍ॅडल्ट एक. आणि मुलं?"

"मुलं नाहीत."

आता तिनं मान वर केली. माझ्या मागे पाहिलं, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. एखादं नातवंड माझ्या पंजाबी ड्रेसच्या ओढणीत गुंडाळून तर आणलेलं नाही ना, अशी शंका तिला आली असावी. मग तिनं माझ्या मनगटाला कागदी पट्टा गुंडाळला. गुंडाळताना जरा जास्तच हळुवारपणे गुंडाळला, इस्पितळात गुंडाळतात तसा.

घरी मी दाताच्या डॉक्टरकडं जाते असं सांगून निघाले होते. वयाच्या बावन्नाव्या वर्षी म्हापशाहून स्कूटर काढून, आसगावच्या उतारावरून हणजूणला, एकटीनं पाण्यातल्या घसरगुंड्या खेळायला निघाले आहे हे नवऱ्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? दाढेचं सांगणं सोपं. फक्त दातांच्या डॉक्टरकडं जाताना टॉवेल कशाला, हा प्रश्न त्याला सुचला नाही, हे माझं नशीब.

शेजारणीला मात्र खरं सांगितलं होतं. ती म्हणाली, "समुद्र फुकट आसा न्हय गो, पयशे कित्याक फारीक करता?" तिचं बरोबर आहे. पण गोव्यातली माणसं फुकटच्या समुद्रात तरी कुठं जातात? आमच्याकडं मे महिन्यात म्हातारीकोतारी माणसं औषधासारखी समुद्रस्नानं करतात. गुडघे धरलेत, अंगाला खाज येते, म्हणून अमुक इतक्या खाऱ्या आंघोळी. मोजून करायच्या, करताना हसायचं नाही. बाकी समुद्र पाहुण्यांचा. आपण काठावर उभं राहून त्यांच्या चपला सांभाळायच्या.

चपला हाच खरं तर माझा विषय आहे. पंचवीस वर्षं मी मौजेच्या ठिकाणी चपला सांभाळण्याचं काम केलं. चपला, चष्मे, मोबाइल, पाण्याच्या बाटल्या, अर्धवट खाल्लेली भेळ आणि "आई, हे धर जरा" या सदरात येणारं बाकी सगळं. मुलांना मुंबईला एस्सेलवर्ल्डला नेलं होतं तेव्हा मार्व्याच्या लाँचमध्ये बसल्यापासून परत मार्व्याला उतरेपर्यंत माझे दोन्ही हात भरलेले होते. त्या दिवसाचे फोटो आहेत घरी. सगळ्यांत मुलं हसताहेत, नवरा हसतोय. मी एकाही फोटोत नाही, कारण कॅमेराही मीच धरला होता.

या जानेवारीत आमच्या म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत प्रकरण बिघडलं. मी गेले होते खाजं आणायला आणि जमलं तर एक लाकडी स्टूल बघायला. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरात, नवऱ्याला गर्दी सोसत नाही, म्हणून एकटीच. खाजं घेतलं, स्टूल पसंत पडलं नाही. आणि समोर शेतात आकाशपाळणा फिरत होता. दर वर्षी फिरतो. त्याच्या खाली उभं राहून मान मोडेपर्यंत मी वर बघितलेलं आहे, हात हलवलेले आहेत, कुठल्या पाळण्यात आपलं पोर आहे ते न कळून भलत्याच पोरांना टाटा केलेला आहे. पण बसलेले कधीच नव्हते. या खेपेला बघते तर हातात फक्त खाज्याची पुडी.

पाळणेवाला म्हणाला, "मावशी, एकटी? थांब, समोर वजन येऊ दे."

मला वाटलं माझी थट्टा करतोय. नंतर लक्षात आलं की हा त्याच्या धंद्याचा हिशेब आहे. पाळण्याच्या एका बाजूला माणसं भरली आणि दुसरी रिकामी राहिली तर चाक जड बाजूला ओढ घेतं, मोटरवर ताण येतो. म्हणून तो समोरासमोरचे पाळणे जोडीजोडीनं भरतो, तराजूत माप घालावं तसा. एकटं माणूस म्हणजे त्याला अर्धं माप. मग कॉलेजातलं एक काटकुळं पोर एकटंच आलं, त्याला माझ्या बरोबर समोरच्या टोकाला बसवलं आणि चाक हललं. तो वर गेला की मी खाली, मी वर गेले की तो खाली. त्या मुलाचं तोंडही मला नीट दिसलं नाही, पण त्या रात्री तो माझा समतोल होता.

हे चाक पहिल्यांदा एवढ्या थाटात उभं राहिलं ते 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनिअरनं बांधलेलं, 264 फूट उंच. छत्तीस डबे आणि एकेका डब्यात साठ माणसं! म्हणजे आमच्या वाड्यावरची झाडून सगळी माणसं एका डब्यात मावली असती आणि वर जागा उरली असती. तिथं कुणाला एकटं वाटायची सोयच नव्हती. बोडगेश्वराच्या पाळण्यात मी, पुडी आणि वारा. वर गेल्यावर चाक थांबलं, खाली कुणीतरी चढत असेल. जत्रेचा आवाज एकदम लहान झाला. दिव्यांच्या माळा संपतात तिथून काळोखी शेतं सुरू होत होती. मी पुडी सोडून एक खाजं तोंडात टाकलं. आल्याचा तिखटपणा जिभेवर यायला आणि पाळणा खाली सुटायला एकच गाठ पडली.

तेव्हापासून मला चटक लागली, दुसरं काही नाही.

मे महिना येईपर्यंत मी या विषयाचं थोडं वाचनही केलं. मास्तरकी केलेल्या माणसाला चटकसुद्धा अभ्यास केल्याशिवाय लागू देता येत नाही. त्यात वॉल्ट डिस्नेची गोष्ट सापडली. त्यानं स्वतःच सांगितलेली आहे. सुटीच्या दिवशी तो आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मेरी-गो-राउंडवर न्यायचा. मुली लाकडी घोड्यांवर गरगर फिरायच्या आणि हा बाकावर बसून शेंगदाणे खायचा. बसून बसून कंटाळला. आईबापांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी जागा का असू नये, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यातून पुढं 17 जुलै 1955 ला डिस्नेलँड उघडलं. म्हणजे या सगळ्या थीम पार्कांचं मूळ एका बाकावर कंटाळलेल्या बापात आहे. मला तो माणूस एकदम घरातला वाटला. पण एक शंका आली. हा बाप एका बाकावर कंटाळला म्हणून जगभर एवढी उद्यानं उभी राहिली आणि त्या प्रत्येक उद्यानात शेकडो बाकं टाकली गेली. त्या बाकांवर कोण बसलंय ते जाऊन बघा.

परदेशातल्या मोठ्या उद्यानांत म्हणे एकट्यांसाठी वेगळी रांग असते. सिंगल रायडर. तीन जणांचं कुटुंब चार जागांच्या ओळीत बसलं की उरलेल्या एका जागेत या रांगेतला माणूस कोंबायचा. मोठ्या रांगेपेक्षा ती बहुधा भराभर पुढं सरकते. आपल्याकडं लग्नाच्या पंगतीत एक पान रिकामं राहिलं की यजमान ओरडतो ना, "कोण एकटं आहे का?" तसंच हे. एकट्या माणसाची खरी किंमत पंगतवाढ्याला आणि पाळणेवाल्याला कळते.

असो. तर मी आत गेले.

सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनच हवं. सुती कापड पाणी पिऊन जड होतं आणि त्याचे धागे गाळणीत जाऊन बसतात. मी मुलीच्या कपाटातली एक जुनी काळी पँट आणि बाह्यांचा टीशर्ट आणला होता. लॉकरमध्ये सामान ठेवताना पहिली अडचण उभी राहिली: चष्मा. तो घालून घसरता येत नाही आणि काढला तर मला चार हातांपलीकडचं माणूस हे झाड आहे की माणूस ते कळत नाही. थोडा वेळ तिथंच घुटमळले. बरोबर कुणी असतं तर त्याच्या हातात दिला असता. शेवटी पाकिटात घालून लॉकरमध्ये ठेवला, किल्ली मनगटाला बांधली आणि बाहेर आले. आणि सांगते, फार बरं झालं. सगळं जग धूसर झालं. कोण बघतंय, कोण हसतंय, माझा एकही माजी विद्यार्थी तिथं आहे की नाही, काहीएक दिसेना. चष्मा लागल्याचा इतका फायदा मला आजवर झालेला नव्हता.

दुसरी अडचण चपलांची. त्याही मी भरात लॉकरमध्येच टाकून आले होते. मे महिन्यातली दुपार आणि सिमेंटची वाट. दोन पावलं टाकली आणि तिसरं पाऊल आपोआप उडीत बदललं. होमकुंडावरून चालणाऱ्या भगतासारखी मी नाचत नाचत जिन्यापाशी पोचले. आमच्याकडं वेताळाला वाहणा वाहतात, रात्री गावभर फिरून त्या झिजतात म्हणून. त्या क्षणी मला वेताळाची निकड पहिल्यांदा कळली.

जिन्याच्या वरच्या टोकाला शिट्टी गळ्यात घातलेला पोरगा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, माझ्या हातातल्या ट्यूबकडं पाहिलं. "मॅडम, डबल ट्यूब है. अकेला नहीं जाएगा. वेट कम हुआ तो बीच में अटकता है."

पुन्हा वजन. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझं वजन कमी पडतंय म्हणत होतं. मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले आणि बाजूला उभी राहिले. तेवढ्यात मागून तीन पोरं धडधडत वर आली. तीन म्हणजे एक जोडी आणि एक उरलेला. उरायचा तो सगळ्यांत धाकटा, हे ठरलेलं. शिट्टीवाल्यानं त्याला माझ्याकडं ढकललं.

"काकू, तुमचं कोण न्हाई संगं?"

"नाही रे."

"मग कुणासाठी आलायसा?"

याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. तो गडहिंग्लजचा होता, अकरा वर्षांचा आणि अनुभवी. "घाबरू नगासा," म्हणाला, "मी चारदा गेलोय. हात आत घ्यायचं आन् तोंड मिटायचं, न्हाईतर पाणी जातंय." तो पुढं बसला, मी मागं. ट्यूबच्या दांड्या हातात घट्ट धरल्या. शिट्टीवाल्यानं पायानं एक ढकल दिली.

आधी काही झालं नाही. निळ्या नळातून पाणी आपल्या गतीनं चाललं होतं आणि आम्ही त्याच्यावर. एक वळण, भिंतीवर जरासं चढून परत. मला वाटलं, हात्तिच्या. मग नळ बंद झाला, अंधार झाला आणि खालचं पाणीच नाहीसं झालं. पोटात गोळा येतो म्हणतो ना आपण, तो गोळा खरं तर येत नाही, जातो. पोटातल्या आतड्याकुतड्यांना जन्मभर खालून जो आधार असतो तो कोसळताना तेवढ्यापुरता सुटतो आणि शरीराला वाटतं, संपलं. डोक्याला सगळं ठाऊक असतं, फायबरचा नळ आहे, खाली तळं आहे, तळ्यात कमरेएवढं पाणी आहे. पण पोटाला शाळेत घातलेलं नसतं.

मी ओरडले. "आई गं!" अशी किंचाळले की नळातून तो आवाज फिरून माझ्याच कानात शिरला. दोन मुलांची आई, आणि हाक मारली कुणाला तर आईला, जी जाऊन चौदा वर्षं झाली. मुलांबरोबर असते तर ओरडले नसते. "काही नाही हं, संपलं, आलंच आता," असं काहीतरी म्हणत बसले असते. मुलांसमोर आपण घाबरायचं नसतं, या एका नियमावर माझी पंचवीस वर्षं गेली. या पोराचं मला काहीच लागत नव्हतं. उलट तोच वळून म्हणाला, "काकू, कानात बोंबलू नगासा की!"

धप्पकन तळ्यात पडलो. नाकातोंडात पाणी. तोंड मिटायची सूचना मी पाळली नव्हती.

मग आम्ही चारदा गेलो. चौथ्यांदा मी पुढं बसायचा हट्ट धरला, पण शिट्टीवाला म्हणाला, जड माणूस मागं. अशा ठिकाणी वजनावर वाद घालू नये.

पोराची आई खाली छत्रीत बसली होती. जवळ गेल्यावर दिसलं: मांडीवर तीन मोबाइल, पायाशी चपलांचे सहा जोड रांगेत लावलेले, खांद्याला पिशवी आणि पिशवीतून लपवून आणलेल्या चिवड्याचा वास. केस कोरडे. मी तिला ओळखलं. म्हणजे ती कोण ते माहीत नव्हतं, पण ओळखलं.

"तुमची पोरं कुठली वो, ताई?"

"कुठली नाहीत. मी एकटीच आलेय."

"एकट्याच? व्हय?" तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. अंगावरून पाणी ठिबकत होतं, केसांच्या झिंज्या झालेल्या. "आन् भ्या वाटत न्हाई?"

"वाटतं की. ओरडते."

ती हसली. मग जिन्याकडं बघत राहिली. पोरं पुन्हा चढत होती. मी म्हटलं, "तुम्ही जाऊन या. भाड्यानं कपडे मिळतात तिथं. मी बसते."

"नगं बाई. हे सगळं कोण बघणार?"

"मी."

"आवो, तुमी पैसं भरून आलायसा."

"माझे वसूल झाले."

तिनं दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा नाही म्हणेपर्यंत उठली होती. मोबाइल माझ्या मांडीवर, पिशवी खांद्यावर. चपलांवर लक्ष ठेवा, निळ्या पट्ट्याची ती धाकट्याची, नवीन आहे, असं दोनदा बजावून कपड्यांच्या खोलीकडं गेली. बाहेर आली तेव्हा मापाला मोठा पडणारा जांभळा सदरा होता अंगावर. इकडंतिकडं न बघता सरळ जिना चढायला लागली. वीसएक पायऱ्यांपर्यंत मला दिसत होती. पुढं नुसता एक जांभळा ठिपका. चष्मा लॉकरमध्ये.

वरून कुणीतरी हात केला. जांभळं होतं की निळं, कळेना. मीही हात वर केला, तेव्हा लक्षात आलं की त्या हातात धाकट्याची एक चप्पल होती.