मन रमेल म्हणे

दादा माझ्यापेक्षा 4 वर्षांनी मोठा, तरी नोकरी आधी मला लागली. त्या दिवशी त्याने अख्ख्या रामबागेत पेढे वाटले आणि संध्याकाळी आईला विचारलं, "आता माझी कधी?" आई काही बोलली नाही, कुकर लावायला निघून गेली.

त्याला माइल्ड इंटेलेक्चुअल डिसेबिलिटी आहे (लहानपणी डॉक्टर जो शब्द वापरायचे तो नकोच). दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटवर 50 टक्के. 40 किंवा त्याच्या वर असलं की आरक्षण लागू होतं म्हणून आम्ही खूश होतो. 1995 च्या कायद्यात सरकारी नोकऱ्यांमधे 3 टक्के जागा होत्या पण त्यात दादासारखे नव्हतेच, 2016 च्या कायद्याने 4 टक्के केल्या आणि त्यातला 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांग, लर्निंग डिसेबिलिटी, मानसिक आजार, बहुदिव्यांग अशा सगळ्यांना मिळून. मिळून! आणि परीक्षा द्यायची ती द्यायचीच. म्हणजे ज्याला पेपर सोडवणंच जड जातं त्याने आधी पेपर सोडवून दाखवायचा. असो, तो नाद आम्ही सोडला.

मग ओळखीपाळखी. इंदूरच्या मराठी लोकांत ओळखी काढायला वेळ लागत नाही, आणि सगळे चांगलेच बोलतात, "पाठवा ना, मन रमेल त्याचं." एका मिठाईच्या दुकानात 5 महिने मन रमवलं. डबे घडी करायचे, रिबीन लावायची, दिवाळीत तर रात्री 10 पर्यंत. शेवटी मालकांनी प्रेमाने एक किलो काजूकतली आणि पाकिटात 500 रुपये दिले. दादाने तिथेच पाकीट उघडून मोजले आणि म्हणाला, बाकीच्यांना जास्त आहेत. त्याला मोजता येतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नसावं.

आता सांवेर रोडला एका नमकीनच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, दीड वर्ष झालं. तिथेही पहिल्या आठवड्यात "हमसे नहीं होगा भिया" झालंच होतं, कारण सुपरवायझर एका दमात चार गोष्टी सांगायचा, सेव उधर, मिक्सचर इधर, बारह के डिब्बे, वो वाले दस के, आणि दादा पहिलीच धरून बसायचा. तो आधी दिव्यांगांच्या ज्या वर्कशॉपमधे जायचा तिथल्या मॅडम 3 आठवडे रोज त्याच्यासोबत गेल्या, त्याला जॉब कोच म्हणतात हे आम्हाला नंतर कळलं. त्यांनी फार काही केलं नाही. दोन रिकामे खोके घेतले, तळाला मार्करने चौकटी आखल्या, एकात 12, एकात 10, आणि बाजूला त्या-त्या पाकिटाचा फोटो चिकटवला. चौकट भरली की खोका भरला. आता गंमत म्हणजे नवीन आलेली बाकीची पोरं पण तेच खोके मागतात. आणि सील जरा तिरकं असलं की दादा पाकीट पुढे जाऊच देत नाही, त्यावरून भांडणं होतात ती वेगळीच.

पगार बाकी पॅकिंगवाल्यांइतकाच. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आम्ही सुरुवातीला घाबरत घाबरत कमीवर पण तयार झालो होतो, तेव्हा मॅडमच आमच्यावर चिडल्या.

सगळं सुरळीत आहे असंही नाही. रंगपंचमीला पूर्ण शहर गेरसाठी (रंग उडवत निघणारी मिरवणूक) राजवाड्यावर आणि आमचे साहेब 9 वाजता डबा घेऊन बंद गेटवर उभे, वॉचमनचा फोन आला तेव्हा कळलं. सुट्टी आहे हे सगळ्यांना "माहीतच असतं" ना, म्हणून त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, मी पण नाही. आता महिन्याच्या सुट्ट्या त्याच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहितो.

परवा काकू आल्या होत्या. पोहे खाता खाता विचारलं, "काय रे, मन रमतं ना तिथे?"

दादा म्हणाला, "नाही. पाय दुखतात. पगार 7 तारखेला होतो."